उकंडरावांना विचारलंय

"या उकंडराव, बसा," डॉक्टर म्हणाले, आणि झुंबरबाईनं मागं वळून पाहिलं.

तिला वाटलं, आपल्यामागून कोणी पागोटंवाला भला माणूस आत आला असेल आणि खुर्ची त्याच्यासाठी पुढं ओढली असेल. मागं कोणीच नव्हतं. दाराला हिरवा पडदा होता. पडद्याखालून व्हरांड्यातले पाय दिसत होते, चपला, उललेल्या टाचा, कोणाची तरी पट्टी बांधलेली पोटरी, आणि जरा बाजूला तिच्या भासऱ्याचे, म्हणजे थोरल्या दिराचे, गुलाबरावांचे, नाल ठोकलेले जोडे. तिनं पोराचा दंड धरलेलाच होता. दवाखान्यात आपण फरशीवर बसतो एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून ती खाली बसत होती आणि उकंडालाही सोबत खाली ओढत होती. तो अर्धा वाकून तसाच थांबला. त्यानं खुर्चीकडं पाहिलं, डॉक्टरकडं पाहिलं, हळूच आईच्या मुठीतून दंड सोडवून घेतला आणि बसला. बैलाची पाठ चाचपावी तसे त्यानं खुर्चीचे दोन्ही हात चाचपले. पोरगा विशीला आला होता, पण त्याला राव आजवर कोणी म्हटलं नव्हतं. उकंडा, उकंड्या, ए येड्या. तो एवढासा शब्द तिच्या कानात कोमट तेलाच्या थेंबासारखा उतरला. बरं वाटतंय की ठणका लागलाय, तेच तिला कळेना.

डॉक्टर कोवळाच होता. मनगटं बारीक, बाह्या वर सारलेल्या, बोलणं घाटावरचं, स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं. त्यानं स्टूल दाखवलं तेव्हा ती बिचकत टेकली. काय काम आहे ते त्याला कंपाउंडरनं सांगितलेलं असणारच. काम एका चिठ्ठीचं होतं. बुलढाण्याच्या सरकारी डॉक्टरची चिठ्ठी मिळाली की नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात भरती होते, असं गुलाबरावांना कोणीतरी खामगावच्या बाजारात सांगितलं होतं. गुलाबराव काही दुष्ट माणूस नव्हे. शेषराव, तिचा नवरा, गेल्यापासून मळा त्यांनीच सांभाळला, तिच्या टोपलीत रोज कोथिंबीर-मेथी त्यांनीच घातली. पण त्यांच्या सहदेवची सोयरीक बीबी गावाला जमत आली होती. पोरीचा चुलता घर बघायला आला, उकंडानं त्याला पाण्याचा तांब्या दिला, आणि मग उठायचं सोडून त्याच्या शेजारीच बसला, गुडघ्यावर हात ठेवून, हसत. चुलताही हसला. पण नंतर बीबीहून निरोप आला, घरात येडं हाय म्हणे, उद्या आमच्या पोरीच्या पोटी तसंच आलं तर? त्या दिवशी गुलाबराव जेवायला बसले आणि ताटातली भाकर मोडायचीच विसरले.

आणि निरोप तिच्यापर्यंत कसा आला? भासऱ्याशी बाईनं बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि जे सांगायचं ते मधल्या लेकराच्या तोंडून सांगायचं. घरातली इतर लेकरं मोठी झाली, शाळेत गेली, मग मध्ये उरला उकंडा. इतकी वर्षं त्या घरात तिचा शब्द त्याच्याच जिभेवरून चालला होता. "उकंडा, मोठ्या बाबाले सांग, भाकर वाढली." "उकंडा, इचार, वांगे आज तोडाचे का उद्या." त्याची जीभ जड, शब्द अर्धे गिळलेले, पण गुलाबरावांना ते पुरत. तेही भिंतीकडं तोंड करून बोलत, "उकंडा, तुया मायले म्हणा, मोटेचा नाडा तुटला." तसंच त्या दिवशी ते बोलले. "उकंडा, मायले सांग, बुलढाण्याले जावं लागते. तिथून चिठ्ठी, अन् मंग नागपूर." तो उठला, दोन पावलांवर चुलीपाशी बसलेल्या आईकडं आला, आणि रोजच्यासारखाच, चार शब्दांत, तो निरोप तिच्यासमोर मांडला. "माय, मोठेबाबा म्हंते नागपूर." ती म्हणाली, "बरं म्हणावं." तेही त्यानं नेऊन पोचतं केलं. आपल्याच पोराला आपल्याच घरातून काढायचा निरोप त्याच्याच हातून आला-गेला, आणि दोघांपैकी एकालाही त्यात काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, भांडी घासताना. राख हातात होती आणि हात थांबला होता.

"उकंडराव," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दिवसभर काय करता?"

"काही नाई जी," झुंबरबाई म्हणाली. "बसते आपला. भाजीच्या जुड्या बांध म्हटलं त बांधते. सांगतलं त्या कामाले नाई म्हणत नाई, पण..."

"बाई," डॉक्टर हसले, पण हात जरासा वर केला, "मी त्यांना विचारलंय. सांगू द्या. थांबू आपण."

थांबू आपण. म्हणजे तिनंही थांबायचं. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, सुपारीच्या खांडासारखं. गिळता येईना, थुंकता येईना. खोलीत फिनेलचा वास होता. खिडकीत एक गांधीलमाशी काचेवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. उकंडाची जीभ ओठांवर आली. तो विचार करायला लागला की ती येते. त्याच्या भुवया जवळ आल्या. झुंबरबाईला भीती वाटली की आता हा बोलणारच नाही, डॉक्टर मान हलवेल, चिठ्ठी ओढेल, आणि ते एका दृष्टीनं बरंच होईल, सुटेल सगळं. मग तिला त्याहून मोठी भीती वाटली की तो बोलेल. काय बोलेल? त्याच्या मनात काय असतं हे ती सगळ्या जगाला सांगत आली होती. भूक लागली त्याले. घाबरला तो. त्याले नाई समजत तसलं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, हे सगळं मला कोणी सांगितलं होतं?

त्याच्या आधीची दोन गेली होती. एक सव्वा महिन्याचं, एक दात येताना. म्हणून हा झाला तेव्हा सासूनं त्याला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. नको असलेलं लेकरू आहे, मरणानं याच्याकडं बघू नये, म्हणून. पौषातली सकाळ होती, राखेतून वाफ निघत होती, आणि शेजारची गीताबाई येऊन म्हणाली, टाकलं का बाई हे, मी घेऊ का? ओंजळभर कोंडा देऊन तिनं ते विकत घेतलं आणि परत झुंबरच्या पदरात सांभाळायला दिलं. नाव उकंडा, म्हणजे उकिरडाच. जात्यावर बसली की झुंबर पुढं कितीतरी दिवस गायची,

*उकिरड्याचं सोनं बाई, ओंजळीनं मोलावलं*
*दारी आलं मरण, त्याले कोंडा देऊन फसवलं*

मरण फसलं खरं. पण लेकरू मान धरेना. डोळे तिरपे, तळहातावर आडवी एकच रेघ, दूध ओढताना दमून झोपी जायचं. खामगावातल्या डॉक्टरकडं नेलं. इंग्रजांच्या वेळचे म्हातारे डॉक्टर होते ते. त्यांनी लेकरू तिच्या मांडीवरून उचललं, उताणं केलं, पालथं केलं, पावलांची बोटं फाकवून पाहिली, भोपळा घेताना आपण पाहतो तसं, आणि कंपाउंडरला इंग्रजीत काही बोलले. मग शेषरावांना म्हणाले, "याच्यावर जीव लावू नका. मिसरूड फुटायच्या आत जाईल. दुसरं होऊ द्या." तिच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाहेर कंपाउंडरनं समजावलं, साहेब याले मंगोल म्हणतात, म्हणजे तिकडल्या चीनपलीकडल्या लोकांसारखं तोंड. तिला चीन माहीत नव्हता. तिला एवढंच कळलं की आपलं पोर कुठल्यातरी दूरच्या मुलखातलं आहे आणि चुकून आपल्याकडं आलंय. मग पुढं, कितीतरी वर्षांनी, चीनची लढाई लागली. रेडिओपुढं माणसं जमायची, शाळेत पोरं घोषणा द्यायची, आणि एका दुपारी तो रडत मळ्यात आला, कपाळावर खोक पडलेली. "चिनी आला बे, मारा!" पोरांनी दगड उचलले होते. जखमेत हळद भरताना तिला तो जुना कंपाउंडर आठवला. म्हणजे तो शब्द मेला नव्हता. दवाखान्यात कोणीतरी सहज टाकला, आणि एवढी वर्षं वाट काढत काढत तो शेवटी दगड होऊन गल्लीत पोचला. कोणाला सांगणार? उकंडालाच सांगत बसली, हळद दाबत. तो हुंदके थांबवून ऐकत होता. लागलं त्याला होतं, आणि समजूत तिची निघत होती.

आणि डॉक्टर तरी एकच का? मेहकरकडं एक होते, त्यांनी पोटात घ्यायची खारट पूड दिली. मेंदू उघडेल म्हणाले. मेंदू उघडला नाही, पोट बिघडलं. आणखी एकानं शेषरावांना नव्हे, तिलाच समोर बसवून विचारलं होतं, तुझ्या माहेरी कोणी वेडं होतं का? मामाच्या घरात दिली होती का? गरोदरपणी काय बघून भ्यालीस? तिनं सगळ्याला नाही म्हटलं, पण घरी येईपर्यंत पिंपळगाव राजा या गावातलं सगळं माहेर तिनं मनातल्या मनात उकरून काढलं. थोरल्या मावशीपासून ते जन्मभर मुक्या राहिलेल्या एका चुलतआजीपर्यंत सगळ्यांना एकेक करून ओळीत उभं केलं, आणि शेवटी स्वतःला. कारण डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते तिला माहीत होतं. त्या सकाळी सूप उकिरड्यावर होतं आणि गीताबाईला यायला उशीर झाला होता. दार लावून घ्यायची रीत, आईनं बघायचं नाही. ती आत बसून रडणं ऐकत होती. मग रडणं थांबलं. तेवढ्यातच थंडी टाळूत शिरली असणार. आपण धावलो असतो तर. रीत मोडून धावलो असतो तर. ही गोष्ट तिनं कोणत्याच डॉक्टरला, देवाला, मांत्रिकाला सांगितली नव्हती. फक्त एकाला सांगितली होती. भाजीच्या जुड्या बांधताना, पालकाच्या ओल्या पानांवर पाणी शिंपडताना, समोर बसलेल्या उकंडाला. त्याला कुठं समजतंय म्हणून.

गांधीलमाशी काचेवरून सुटली आणि उघड्या तावदानातून निघून गेली.

"माय बोलते," उकंडा म्हणाला.

शब्द जाड होते, पण सरळ होते. डॉक्टरनी मान पुढं केली.

"माय बोलते. म्या आयकतो."

"हे तुमचं काम?"

"हाव." त्यानं पुन्हा विचार केला. जीभ बाहेर आली, आत गेली. "लय बोलते. मंग रडते. मंग म्या पाणी देतो." मग एकदम काहीतरी महत्त्वाचं राहून गेल्यासारखा तो खुर्चीत पुढं सरकला. "थंडी नोती लागली मले. सांगतो त आयकत नाई."

झुंबरबाईच्या खालचं स्टूल हललं की जमीन, कोण जाणे. तो म्हणायचा ते. कितीदा म्हणायचा, थंडी नाई माय, थंडी नाई, आणि ती त्याच्या अंगावरची चादर काढायची. गरम होतंय बापा लेकराले, असं स्वतःशीच म्हणत.

"कसली थंडी?" डॉक्टरनी विचारलं, आता तिला.

तिनं सांगितलं. पदराचा शेव दातांत धरून, मध्येच थांबून. सूप, राख, दार, थांबलेलं रडणं, शेवटी बीबीचा निरोपसुद्धा. डॉक्टर हसला नाही. अडाणी, असंही म्हणाला नाही. त्यानं बोटानं टेबलावरच्या पट्टीचा एक सुटा दोरा उचलला.

"बाई, माणसाच्या रक्ताच्या थेंबातसुद्धा असे बारीक धागे असतात. निम्मे आईचे, निम्मे बापाचे. काही माणसांत एक धागा जास्तीचा येतो. पोटात जीव धरतो तेव्हाच येतो, उकिरडा तर फार पुढची गोष्ट. तिकडं फ्रान्सात मोठ्या भिंगातून बघितलं तिथल्या डॉक्टरांनी, आता सात-आठ वर्षं झाली. त्याआधी आम्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं तरी बोलत होतो."

"जास्तीचा?"

"जास्तीचा."

"कमी नाई?"

"कमी नाही. त्यामुळं शिकायला वेळ लागतो, बोलायला वेळ लागतो. औषध नाही यावर, खोटं कशाला सांगू? पण वेड नाही हे. सहसा घराण्यातूनही येत नाही, ते बीबीवाल्यांना सांगा. माझ्या पुस्तकात अजून तो चीनपलीकडचा शब्द छापलेला आहे. मला तो म्हणवत नाही." त्यानं दोरा खाली ठेवला. "उकंडराव, घरचे तुम्हाला नागपूरला ठेवायचं म्हणतात. तुम्हाला जायचंय?"

उकंडानं आईकडं पाहिलं. तिनं डोळे खाली घातले. जोरात "नाई" म्हणावंसं वाटलं, पण तेही तिचंच उत्तर झालं असतं.

"घाई नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेर बसा. दोघं विचार करा. मी चिठ्ठी देणार नाही, वेड नसलेल्या माणसाला मी कशी देऊ? पण तुम्ही ठरवलंत तर दुसरा कोणी देईलही. म्हणून तुमचं ठरू द्या."

दोघं. पडदा बाजूला सारताना तो शब्द तिच्या बरोबर बाहेर आला. आजवर ती एकटीच दोघांचं ठरवत आली होती, की गुलाबराव तिघांचं? उन्हानं व्हरांडा पांढरा झाला होता. समोरच्या निंबाखाली एक म्हातारा कोणाला तरी बिडी मागत होता. हवा बुलढाण्याची, वरच्या अंगाची, खामगावपेक्षा हलकी. छातीत भरली की क्षणभर आपलं वजन उतरल्यासारखं व्हायचं. जास्तीचा. तिनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. वीस वर्षं ती देवापुढं मागत आली होती, माह्या लेकराले जे कमी दिलं ते दे. आणि देव बिचारा गोंधळून बसला असेल, म्हणत असेल, हिला आणखी किती देऊ? तिला हसू आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, पदराआड, रडायच्या जागी.

गुलाबराव खांबाला टेकून उभे होते. त्यांनी जोड्यानं जमीन उकरली आणि समोरच्या निंबाकडं बघत विचारलं, "उकंडा, मायले इचार, काय म्हणे डॉक्टर? देल्ली का चिठ्ठी?"

"उकंडा," ती सवयीनं म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग..."

आणि अडकली. काय सांग? डॉक्टर देत नाही म्हणून? ते डॉक्टरचं झालं. मी पाठवत नाही म्हणून? ते माझं. सहदेवची सोयरीक मोडली तर याच घरात, याच माणसाच्या मळ्यातली मेथी टोपलीत घेऊन तिला जगायचं होतं, आणि हे सगळं एका जड जिभेच्या पोराच्या तोंडी देऊन ती पदराआड उभी राहणार होती, नेहमीसारखी. तिच्या घशाशी शब्द आले. भासऱ्यासमोर, उघड्यावर, ती स्वतः बोलणार होती. तिनं पदर जरा मागं सारलाही.

उकंडानं तिच्या पुढच्या शब्दाची थोडी वाट पाहिली. तो आला नाही. मग तो दोन पावलं चालून गुलाबरावांपुढं गेला. निरोप नेताना थांबायचा तिथं नाही, आणखी एक पाऊल पुढं.

"मोठेबाबा, म्या नाई जात."

गुलाबराव निंबाकडंच बघत राहिले. "मायनं सांगतलं असं?"

"नाई. म्या सांगतो." त्याचे हात हलले, शब्द शोधताना हलायचे तसे. "सहदेवचं लगीन हाय. मले फेटा पाह्यजे."

व्हरांड्यातला एक माणूस फिसकन हसला. गुलाबरावांनी झटक्यात मान वळवली, पण हसणाऱ्याकडं नाही, उकंडाकडं. बहुधा पहिल्यांदाच ते असं त्याच्याकडं बघत होते. एरवी त्याच्यातून पलीकडं, चुलीच्या बाजूला, बघायची त्यांना सवय होती. त्यांच्या जबड्याची शीर ताठ झाली. झुंबरबाईला वाटलं, आता हात उठेल.

"फेटा म्हंते!" ते म्हणाले. "अन् बीबीवाले काय म्हणतीन बे? नवरदेवाच्या बाजूले हे बसलं फेटा बांधून!"

"बसतो," उकंडा म्हणाला.

"बीबीवाल्यांइले सांगा लागन," झुंबरबाई म्हणाली. आवाज तिचा होता, पदर मागं होता, आणि बोलणं कोणाच्याही तोंडून नाही, सरळ गुलाबरावांशी होतं. "हे घराण्यातलं नोहे. डॉक्टर म्हंते. तुमी अन् मी जाऊन सांगू. हा बी येईन संगं. पाहू द्या त्याइले. पाह्यल्यावर बी नाई म्हणतीन त म्हणू द्या."

गुलाबराव तिच्याकडं बघत राहिले, मग घाईनं नजर काढून घेतली, जसं उघड्या दारातून दुसऱ्याच्या घरात बघितलं गेलं असावं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मानेवरचा घाम पुसला, पुन्हा पुसला. आत डॉक्टरनी पुढच्या रोग्याला हाक मारली आणि एक बाई पोराला काखेत घेऊन पडद्याआड गेली.

"फेटा म्हंते," गुलाबराव पुन्हा म्हणाले, आता जरा खालच्या पट्टीत, वैतागल्यासारखे. मग घसा साफ केला. "कोणत्या रंगाचा बे?"

ते रागानं विचारलं असेल, थट्टेनं असेल, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण विचारलं उकंडाला होतं, आणि रंग कोणता हे तिथं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. उकंडाच्या भुवया जवळ आल्या. जीभ ओठावर आली. गुलाबराव खांबापाशी तसेच उभे राहिले, आणि झुंबरबाई ओठ मिटून, उन्हात, त्यांच्या शेजारी थांबली.